साऊंडवाल्या काकांना, एका पेटीवाल्याकडून

प्रिय काका,
सा. न.

कार्यक्रम संपला की गायकाला शाल-श्रीफळ, तबलजीला टाळ्या, पेटीवाल्याला ‘छान झाली हं साथ’ आणि साऊंडवाल्याला, मध्येच शिट्टी वाजली म्हणून, शिव्या. तेव्हा म्हटलं, तुमचे आभार जरा चारचौघांत मानावेत. पेटी गुरुजींनी शिकवली. पेटीवर घर कसं चालवायचं ते तुमच्याकडनं कळलं.

साऊंड चेकला माझं मागणं ठरलेलं: मॉनिटरला, म्हणजे स्टेजवर आमच्याकडं तोंड केलेल्या स्पीकरला, पेटी वाढवा. एकदा तुम्ही मिक्सर सोडून स्टेजवर आलात, मला काही न विचारता माझ्या मॉनिटरमधली पेटी पार खाली घ्यायला लावलीत आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज वर. म्हणालात, “तुझी पेटी तुझ्या मांडीपुढंच आहे की. त्या श्वास कुठं घेतात ते ऐक.” ऐकलं. तानेमागं धावायच्या नादात मी त्यांच्या श्वासाची जागासुद्धा भरून टाकत होतो, हे तेव्हा कानावर आलं. बोटं आजही होती तेवढीच जलद आहेत, पण बोलावणी वाढली. माझ्याबरोबर गाताना मोकळं वाटतं, असं दोघा-तिघांनी आपणहून सांगितलं.

पैशांचं तर विचारूच नका. ‘किती द्यायचे?’ म्हटलं की आम्ही कलाकार मंडळी मान खाली घालून ‘द्या काय ते’ म्हणणार, आणि घरी येऊन चडफडणार. तुमच्या वहीत मात्र स्पीकर, जनरेटर, टेम्पो, वायरी ओढणारी पोरं, सगळ्यांचे दर. तसाच कागद तुम्ही मला करायला लावलात. प्रवास वेगळा, तालमी वेगळ्या, निम्मी बिदागी आधी. देवळातलं भजन फुकट वाजवायचं तर तेही आधीच ठरवून, सेवा म्हणून. मागाहून कुरकुर नाही. आणि आपल्याकडचा पाऊस! लग्नं नाहीत, कार्यक्रम तुरळक, त्यात दमट हवेनं पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. ते महिने शिकवण्यांवर निघतील एवढे विद्यार्थी उन्हाळ्यातच धर, हेही तुमचंच.

पण सगळ्यात मोठे उपकार वेगळेच. जो तो मला ‘पुण्याला जा’ म्हणायचा. कुमार गंधर्व आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, पण त्यांचं घर झालं देवासला, हा दाखला ठरलेला. तुम्ही दुसरं नाव घेतलंत, पं. रामभाऊ विजापुरे. आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं होतं, तरी या माणसानं बेळगावात पेटी सोडली नाही. मोठमोठ्या गवयांना साथ केली, शिष्य तयार केले. मग चहाच्या टेबलावर बोटानं नकाशा काढलात: धारवाड-हुबळी, कोल्हापूर, पणजी, सगळं शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गोव्यात भजनं आणि नाट्यगीतं, धारवाडकडं वचनं आणि दासरपदं, म्हणजे कन्नड भक्तिरचना. “भाषेवरनं भांडायला बाकीचे आहेत, तू दोन्हीकडं वाजव.” (हे तुम्ही जरा हळूच बोललात. बेळगाव आहे शेवटी.)

पुरंदरदासांची पदं मी देवनागरीत उतरवून घेतली आणि शब्द जिथं संपतो तिथं लाल रेघ मारत बसलो, नाहीतर माझ्या पेटीखाली अर्धा शब्द गडप व्हायचा. कन्नड अजून मोडकीतोडकीच बोलतो. तिकडचे लोक हसतात आणि पुन्हा बोलावतात. आज माझी निम्मी कामं तिकडची आहेत. पुण्यालाही जातो अधनंमधनं, पण वाजवायला, आणि ठरवलेल्या बिदागीवर.

आता सेट तुमचा मुलगा बघतो. जादा मॉनिटरचे पैसे द्यायला आयोजक कां-कूं करू लागले, तर त्यांना सरळ माझ्याकडं पाठवा. तुमच्या बाजूनं घासाघीस करायला मला आवडेल.

तुमचाच,
पेटीवाला
शहापूर, बेळगाव