आई-बाबा, वरच्या घराबद्दल थोडं सविस्तर

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू की" म्हणतात आणि आई तू लगेच जेवलीस का विचारतेस, मग राहूनच जातं. म्हणून आज सगळं लिहून पाठवतेय, दोघं मिळून वाचा. आईला बारीक अक्षर दिसत नाही तर बाबा तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा.

दिवाळीला वरचे भाडेकरू घर सोडून गेले आणि आता पाडवा आला. पाच महिने घर बंद, नऊ हजारांच्या हिशेबानं पंचेचाळीस हजार तिथंच गेले. बाबा तुम्ही म्हणताय की भाडं आठ हजार करूया म्हणजे कोणीतरी येईल. कोणीतरी येईलच हो, पण आपल्याला कोणीतरी नकोय ना, तुमच्या डोक्यावर राहणारं माणूस चांगलं हवंय, रात्री-अपरात्री तुम्हाला गरज लागली तर खाली धावत येणारं. आणि असं माणूस हजार रुपये कमी आहेत म्हणून येत नाही, घर बघून येतं.

मी पुण्यात नऊ वर्षं भाड्यानं राहतेय, हे पाचवं घर. एकही घर मी भाडं जास्त म्हणून सोडलं नाही. एका ठिकाणी गीझर दोन महिने बंद होता आणि मालक आज उद्या करत राहिले, एका ठिकाणी मालकीणबाई स्वतःच्या किल्लीनं दार उघडून आत यायच्या, मी ऑफिसात असताना. एकदा घर सोडताना रंगाचे म्हणून डिपॉझिटमधले पंधरा हजार कापले आणि कसला हिशेब म्हणून दिला नाही. भाडेकरूला काय टोचतं ते मला माहितीये, म्हणून एवढं हक्कानं सांगतेय.

दिवाळीत मी वर गेले होते ना, तेव्हा मुद्दाम घर बघायला आलेल्या परक्या माणसासारखी गेले. जिन्यात अंधार, वळणावरचा बल्ब गेलेला, मोबाईलची बॅटरी लावून चढले. कुलूप काढल्यावर पहिल्यांदा वास आला, कुबट, बंद पेटीसारखा. आतल्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला ओल आहे, पोपडे सुटलेत, हात लावला तर चुना हाताला येतो आणि खाली फरशीवर पांढरी पूड पडलीये. बाथरूमच्या नळाला सुतळी गुंडाळलीये आणि ती पण ओलीच. माळ्यावर तर सगळं आपलंच सामान, आजीची ट्रंक, रंगाचे रिकामे डबे, माझी सातवीतली सायकल, दोन तुटक्या खुर्च्या. येणाऱ्यानं आपल्या बॅगा, गाद्या ठेवायच्या कुठं? आपण भाडं पूर्ण घराचं घेतो आणि माळा स्वतःकडे ठेवतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच नीट दिसलं आणि वाईट वाटलं.

बाबा, रंगारी बोलवायची घाई नको. मागच्या वेळी पण आपण ओलीवरच रंग मारला आणि एका पावसात तो सुटला. पाणी वरनं येतंय. गच्चीच्या त्या कोपऱ्यात कोब्याला चिरा गेल्यात आणि पन्हाळ शेजारच्या बदामाच्या पानांनी तुंबतं, टाकी भरून वाहिली की सगळं पाणी तिथंच साठतं. आधी टाकीचा बॉल कॉक बदला, पन्हाळ मोकळं करा, मग गवंड्याकडनं चिरा भरून वॉटरप्रूफिंग करून घ्या. हे सगळं एप्रिलमध्येच व्हायला हवं कारण भिंत उन्हाळ्यात वाळते, आणि ती पूर्ण वाळल्यावर पोपडे खरवडून मग पुट्टी आणि रंग. रंग फिकटच द्या, मागच्यासारखा पोपटी नको.

बाकीचं काम किरकोळ आहे. नळ नवीन, खिडक्यांना डासांची जाळी (सांगलीतले डास बाहेरच्या माणसाला पहिल्याच रात्री कळतात), किचनमध्ये एक्झॉस्ट फॅन, ओट्याजवळ मिक्सरसाठी अजून एक प्लग, जिन्यात दिवा. आणि महावितरणचा वेगळा मीटर घ्याच. सबमीटरवरनं दर महिन्याला आकडा लिहायचा आणि युनिटला किती लावायचे यावरनं वाद, मागच्या दोघांशी तुमची वाकडं बोलायची वेळ त्याच्यावरनंच आली होती ना. पैशाचं मी बघते, नाही म्हणू नका, पाच महिन्यांच्या बुडालेल्या भाड्यात हे सगळं बसलं असतं.

आता लोक कोण येतील ते. आपलं घर विश्रामबागेत, वालचंद आणि विलिंग्डन दोन्ही कॉलेजं जवळ, मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज. म्हणजे प्राध्यापक, बदलीवर आलेले बँकवाले, शिकाऊ डॉक्टर, सिस्टर, हेच लोक घर शोधत फिरतात. बदल्या आणि ॲडमिशन मे-जूनपासून सुरू होतात, त्याच्या आत घर तयार पाहिजे. आणि बाबा, जानेवारीत त्या दोन सिस्टर आल्या होत्या त्यांना तुम्ही एकट्या मुली नकोत म्हणून परत पाठवलंत. मी पण एकटी मुलगीच आहे हो इथं. मला एका घरी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही नक्की कुठले", आणि मग जागा गेली म्हणून सांगितलं. त्या दिवशी मी कर्वे रोडवर बसस्टॉपवर बसून रडले होते, तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्या दारात आलेल्या कोणाच्या मुलीला असं व्हायला नको. काम कुठं करता, किती जण राहणार, किती दिवस राहणार, आधीच्या मालकांचा नंबर, एवढं विचारलं की माणूस कळतं.

पुराचं पण सगळे विचारतात, सांगली म्हटलं की विचारणारच. लपवू नका. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, धोक्याची पातळी पंचेचाळीस, २०२१ ला परत आलं, पण आपल्या गल्लीत शिरलं नाही, उलट नदीकाठच्या गावभागातनं आत्याची सगळी माणसं नऊ दिवस वरच्याच घरात होती. हे जसं झालं तसं सांगा.

करार यावेळी नुसत्या स्टॅम्पवर नोटरी करून नको. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही हा समज आपल्याकडं सगळ्यांचाच आहे, पण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो आणि जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध करायचं काम आपल्यावर. खर्च काही फार नाही, नऊ हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, दोन वर्षं धरली तर स्टॅम्प साडेपाचशेच्या आसपास आणि महापालिका हद्दीत नोंदणीचे हजार. आधारवर अंगठा देऊन घरी बसून होतं, आईला जिने चढायला नकोत. पोलीस स्टेशनला माहिती द्यायचं पण त्याबरोबरच उरकून टाका. चांगल्या भाडेकरूला पण कागद पक्का असला की बरं वाटतं, ऑफिसात घरभाडं दाखवायला त्याला तो लागतोच. करारातच लिहा की डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचा खर्च कोणाचा, कुठली दुरुस्ती कोणी करायची. राहायला येण्याआधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

एक नाजूक सांगू का. बाबा तुम्ही रोज संध्याकाळी टाकी बघायला म्हणून वर जाता आणि गॅलरीतला दिवा चालू का, कपडे कठड्यावर का वाळत घातले असं बोलता. मनात काही नसतं मला माहितीये, घर तुम्ही एकेक वीट आणून बांधलंय. पण मागची ती मुलगी मला जाताना म्हणाली होती, काका चांगले आहेत पण घरी आल्यावर पण सुट्टी झाल्यासारखं वाटत नाही. वर जायचं तर आधी फोन करा. कपड्यांसाठी मागच्या बाजूला दोन तारा बांधून द्या, म्हणजे कठड्याचा प्रश्नच नाही.

आणि आई, माझं आत्ताचं घर मी तीन वर्षं का सोडलं नाही सांगू, पहिल्या दिवशी आले तेव्हा मालकीणकाकूंनी पाण्याचा माठ भरून ठेवला होता आणि भिंतीला एक कागद चिकटवला होता, पाणी किती वाजता येतं, दूधवाला, गॅसवाला, प्लंबर, जवळचे डॉक्टर. तुझं अक्षर छान आहे, तू लिहून ठेव.

मी पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं येते, शनिवारी माळा काढू. गवंड्याला सकाळी दहाला सांगून ठेवा. सायकल कोणाला तरी द्या, पण आजीची ट्रंक मी येईपर्यंत हलवू नका, तिच्यात तिची नऊवारी आहे आणि ती मला हवीये.

तुमची,
छोटी