मोखाड्याला गेलेल्या लेकीस

प्रिय रेश्मा,

पोचल्याचा मेसेज मिळाला. रात्रीची स्कूटी त्या घाटातून चालवू नकोस, हे आधी लिहिते.

रविवारी तू ताट सारून उठलीस. बाबा म्हणतात, पोरगी थंडीत लोकांना घोंगड्या वाटते आणि तू तिला एका फोटोवरून बोलतेस. पण तो फोटो मी मोठा करून पाहिला होता. घोंगडी एक, तिला लागलेले हात पाच, मागे बॅनर. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, म्हातारी तेवढी खाली बघतेय. तिचं नाव काय गं?

आमच्या लहानपणी चर्चच्या आवारात अमेरिकेची दूध पावडर आणि दलिया यायचा. गोणीवर हातात हात दिलेलं चित्र असायचं. आजी मला डबा देऊन रांगेला पाठवायची आणि डब्यावर केळीचं पान झाकायची. दुधावर माशा बसतात म्हणायची. जाताना डबा रिकामाच असायचा, तरी पान असायचंच. दूध नको होतं असं नाही हं, त्या दुधावरच आम्ही भावंडं वाढलो.

वाडीतले आजोबा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे, म्हणजे गरिबांना मदत करणाऱ्या कॅथॉलिक मंडळाचे, सभासद होते. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने १८३३ मध्ये पॅरिसला ती सोसायटी मित्रांबरोबर सुरू केली तेव्हा तो जेमतेम वीस वर्षांचा, म्हणजे तुझ्याहूनही लहान. गरिबाला दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, ही त्यांची रीत. आजोबा जोडीदाराला घेऊन दिवेलागणीनंतर जायचे, कोरा चहा घेऊन गप्पा मारत बसायचे. कुणाकडे गेलो ते घरात सांगायचे नाहीत. त्यावरून भांडणंही व्हायची.

दिवेलागणीवरून आठवलं, तिथे रस्त्याला दिवे नाहीत ना? ऑल्विनचं काय झालं ते विसरू नकोस.

आणि आपली वसईची बॅसीन कॅथॉलिक बँक. मॉन्सिन्योर मोनिस या धर्मगुरूंनी ती १९१८ साली सुरू केली. माझ्या आजोबांना विहिरीसाठी तिथून कर्ज मिळालं होतं. हप्ता भरून आले की ओट्यावर पाय लांब करून बसायचे, जसं काही बँकच त्यांचं देणं लागते. फुकट मिळालं असतं तर असे बसले नसते. सगळ्यांना कर्ज झेपत नाही हे मला कळतं. थंडीने कुडकुडणाऱ्या म्हातारीला आधी घोंगडीच द्यायला हवी. पण बायबलमध्येही शेताच्या कडा कापू नका, सरवा, म्हणजे कापणीत मागे राहिलेली कणसं, गरिबासाठी राहू द्या, असं आहे. त्यातल्या विधवा रूथने तो स्वतःच्या हाताने वेचला, कुणी तिला पोतं भरून दारात मिरवलं नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर उसनं देणाऱ्याने गहाण घ्यायला घरात शिरू नये, बाहेर उभं राहावं, घेणाराच ते आणून देईल, असं स्पष्ट लिहिलंय. मग आपण त्यांच्या अंगणात बॅनर कसा लावतो?

झालं माझं प्रवचन. फादरांचं एवढं लांबलं तर आपणच घड्याळ बघतो. रागावू नकोस. नोकरी सोडून तिकडे गेलीस तेव्हा मी तुझ्याशी नीट बोलत नव्हते, आणि इकडे चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर भेटेल त्याला तुझंच सांगत होते. अजूनही सांगते. भीतीही वाटते. एकटी पोरगी, तो रस्ता, ती स्कूटी. बसने जा म्हटलं तर म्हणशील, बस असते कुठे.

तुझा शाल घेतलेला फोटो मात्र छान आलाय. बारीक झालीस.

पाड्यावरची पाण्याची मोटार बंद आहे म्हणालीस. बाबा पाने-पकडी घेऊन यायला तयार आहेत. डबा आणणार नाहीत, जेवण पाड्यावरच्यांकडचं हवं असं त्यांनी बजावलंय. नागलीची भाकरी चालेल, तिखट बेताचं, त्यांचं पित्त तुला माहीत आहे. तारीख तू ठरवू नकोस, तिथल्या बायकांना विचार. त्यांच्या मजुरीचा खाडा व्हायला नको.

तुझी,
आई