नाना, मोटर नाही, पट्टा गेलाय

अमळनेर,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक निरोप आणि फोटो मिळाले. तुमच्या अमेरिकेतला तो कारागीर कपडे वाळवायच्या ड्रायरपाशी उभा राहिला, झाकणसुद्धा न उघडता ‘मोटर गेली’ म्हणाला आणि भाव सांगून निघून गेला, हे वाचून हसूही आलं नि रागही. वहिनींना सांग, नवीन मशीन बघायला जायची घाई करू नका. तूच लिहितोस की बटण दाबलं की घूं आवाज येतो, आत गरम हवा लागते, पण कपडे जागचे हलत नाहीत. आता बघ. तुमच्याकडच्या बहुतेक ड्रायरमध्ये मोटरने वेग घेतल्याशिवाय हीटर लागतच नाही, तशी सोय मोटरमध्येच केलेली असते. हवा फेकणारा पंखाही त्याच मोटरच्या दांड्यावर बसवलेला असतो. म्हणजे तुझी मोटर ठणठणीत आहे, गेलाय तो कपड्यांचा ड्रम फिरवणारा पट्टा. अडकलेली मोटरही घूं करते हे खरं, पण ती काही सेकंदांत तापून गप्प होते, गरम हवा देत बसत नाही.

खात्री करायची तर प्लग काढ, दार उघड आणि ड्रम हाताने फिरव. पट्टा शाबूत असेल तर ड्रम जरा जड लागतो, कारण त्याच्याबरोबर मोटरही फिरवावी लागते. एका बोटाने ढकलल्यावर तो आपला आपण फिरत राहिला, तर पट्टा तुटून खाली पडलाय असं समज. काही मशीनमध्ये पट्टा तुटला की मोटर चालूच होऊ नये म्हणून एक बारीक स्विच असतो. तुझ्यात तो नसावा, नाहीतर घूं सुद्धा झालं नसतं. आणि तोवर मशीन ‘बघू तरी’ म्हणून पुन्हा पुन्हा चालवू नकोस. कपडे एकाच जागी पडून भाजतात.

तू म्हणशील, हा बापू अमळनेरात बसून मला ड्रायर शिकवतोय. मे महिन्यात ४५ डिग्रीच्या झळांत दुसरी चादर दोरीवर टाकेपर्यंत पहिली वाळते, तिथे ड्रायर कशाला? उन्हाळ्यात खरंच कुणी त्याच्याकडे बघत नाही, त्याच्यावर कणगीतलं धान्य निवडायची ताटं ठेवलेली असतात. पण माय अंथरुणाला खिळली त्याला आता बराच काळ झाला. रोजच्या चादरी, दुपटी, जुन्या लुगड्यांच्या घड्या. पावसाळ्यात ते सगळं घरभर टांगलेलं असायचं आणि कुबट वास काही जायचा नाही. धाकटीने पुण्याचं बिऱ्हाड मोडलं तेव्हा तिचा जुना ड्रायर टेम्पोत घालून इकडे आणला. गल्लीतली माणसं आधी बघायला यायची, आता आपापली गोधडी घेऊन येतात.

कानबाई देवीच्या सणाच्या आधीच्या आठवड्यात तो बंद पडला. तुला आपल्याकडचं माहीत आहे, कानबाई बसायची म्हणजे घर झाडून-पुसून, अंथरूण-पांघरूण सगळं धुऊन निघतं, भाऊबंद गोळा होतात. श्रावणातला पाऊस, घरात माणसांची गर्दी आणि मायच्या चादरी ओल्या. माय आतून विचारत होती, ‘काय व्हयनं रे?’ कंपनीच्या माणसाला फोन केला, तर या मॉडेलचे पार्ट आता येत नाहीत, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या. बघायलाही आला नाही. मग मीच पाना-पकड घेऊन बसलो.

दादांची गिरणी तुला आठवते ना? मोटरवर लहान पुली, जात्यावर मोठी, मध्ये पट्टा. ड्रायरमध्ये दुसरं काही नाही, फक्त मोठी पुली वेगळी लावलेलीच नसते. ड्रम हीच मोठी पुली, पट्टा त्याच्या पोटावरून फिरतो. तुमच्याकडची मोटर साधारण मिनिटाला १७२५ फेऱ्यांची असते आणि ड्रम पन्नासच्या आसपास फिरतो, एवढी गती त्या लहानमोठ्या घेरातूनच उतरते. तिसरं चाक ताणाचं, ज्याला आयडलर म्हणतात. स्प्रिंगवर बसलेलं असतं आणि पट्टा सैल पडू देत नाही. पट्टा मात्र गिरणीसारखा जाडजूड नसतो. जेमतेम बोटभर रुंद, पातळ, आतल्या अंगाला उभ्या बारीक रेघा. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा व्ही आकाराचा आखूड पट्टा आपल्याला कुठल्याही दुकानात मिळतो, हा तसा मिळत नाही.

आता मला तुला मुख्य गोष्ट सांगायची आहे, बाकीचं तुला मॉडेल नंबर टाकून मोबाईलवर दिसेलच. नवीन पट्टा मागवण्याआधी जुना तुटका पट्टा हातात घेऊन नीट वाच. कारागीर लोक तो काढतात आणि फेकतात, मला त्याचंच आश्चर्य वाटतं. रेघांवर आडव्या बारीक चिरा लांबीभर सारख्या पडल्या असतील तर तो वयाने गेला. रोजच्या उष्णतेने रबर कडक होतं, त्याला कोण काय करणार, नवा घाल आणि विसर. एकाच बाजूची कड झिजून दोरे निघाले असतील, तर पट्टा सरळ चालत नव्हता, म्हणजे आयडलर तिरका झालाय किंवा ड्रमखालची रबरी चाकं झिजून ड्रम एका अंगाला बसलाय. आणि एखाद्या ठिकाणी तो चकाकत, भाजल्यासारखा दिसत असेल, तर त्या जागी मोटरची पुली फिरत राहिली आणि पट्टा जागेवरच घासला. म्हणजे काहीतरी अडकलं होतं. या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात नुसता पट्टा बदलला तर तो पुन्हा तुटणार, आणि तू पट्ट्याच्या कंपनीला शिव्या घालणार.

आमचा भाजलेला निघाला. चकाकणारा डाग चांगला वीतभर. म्हणून मी आयडलरचं चाक बोटाने फिरवून बघितलं तर ते हलेना. त्याच्या दांड्याला गोधड्यांचे सुटलेले दोरे आणि रुई गुंडाळून गुंडाळून घट्ट बसली होती, आतला बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी नळी, घासून एका बाजूने खाल्ला गेलेला. दोरे ब्लेडने कापून काढले. बुश मात्र बाद होता. स्टेशन रोडला लेथवाला आहे ना, गिरणीची कामं करून द्यायचा, त्याच्याकडे चाक घेऊन गेलो. त्याने ते हातात फिरवलं, कानाशी नेलं, आणि ‘दुपारी या’ म्हणाला. गनमेटलचा बुश करून दिला, आणि चाक असं फिरायला लागलं की मी बराच वेळ नुसता फिरवत बसलो. पैसे विचारले तर म्हणे, मायला बरं वाटू द्या आधी. घ्यायला लावले. असली माणसं तुझ्या तिथे असतील तर मला कळव.

पट्टा मिळायला जास्त वेळ गेला. जळगावला एमआयडीसीत डाळमिलवाले, चटईवाले, पाईपवाले, त्यामुळे पट्ट्यांची दुकानं पुष्कळ. पण गिऱ्हाईक सगळं व्ही-बेल्टचं. एका म्हाताऱ्या दुकानदाराने मात्र चष्मा कपाळावर सरकवून तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि पाठीवरचा पुसट नंबर वाचला, १९३० एच ७. १९३० म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये, एच म्हणजे रेघांची जात आणि ७ म्हणजे रेघा किती. एच जातीत दोन रेघांमधलं अंतर १.६ मिलिमीटर असतं, तर ‘जे’ नावाच्या दुसऱ्या जातीत २.३४. नुसत्या डोळ्याने दोन्ही सारखेच दिसतात, पण पुलीच्या खाचा वेगळ्या असल्या की पट्टा खाचांवर तरंगतो आणि ओरडतो. त्याने मुंबईला नागदेवीच्या बाजारात फोन लावला आणि पट्टा कुरिअरने आला. तुमच्याकडे लांबी इंचात लिहितात, म्हणून आमचा नंबर तुझ्या कामाचा नाही. दाराच्या आतल्या कडेला मॉडेल नंबरचं स्टिकर असतं, त्यावरून मागव. तरीही जुना जमिनीवर सरळ पसरून, न ओढता मोज, रेघा मोज आणि नव्याशी जुळव. किंमत बघून ‘जवळपास बसेल’ असा घेऊ नकोस.

उघडताना काय जपायचं ते सांगतो. प्लग भिंतीतून काढायचाच, नुसतं बटण बंद करून भागत नाही. तुमच्याकडच्या विजेवरच्या ड्रायरचा प्लग २४० व्होल्टचा, घरातल्या बाकीच्या दुप्पट. मशीन गॅसवरचं असेल तर मात्र गॅसची नळी सोडवायच्या भानगडीत पडू नकोस, तिथे जाणकारालाच बोलाव. पत्र्याच्या कडा पात्यासारख्या असतात, बागकामाचे हातमोजे घाल. माझ्या मनगटावर अजून ओरखडा आहे. तू पाठवलेल्या फोटोवरून वाटतं की तुझ्या मशीनचं वरचं झाकण पुढच्या बाजूला आत क्लिपांवर अडकलेलं असेल, पुट्टी भरायच्या चपट्या पट्टीने उचकटलं की मागे उलटतं. मग आतले दोन स्क्रू काढून पुढचा पत्रा निघतो. तो ओढण्याआधी दाराच्या स्विचच्या वायरी सोडव. आणि प्रत्येक पायरीला मोबाईलने फोटो काढ. पट्टा आयडलरवरून कसा वळतो हे तोंडपाठ आहे असं वाटतं, पण ड्रम बाहेर आला की काही आठवत नाही.

ड्रम बाहेर आल्यावर तळाशी आणि मोटरभोवती रुईचा थर दिसेल. व्हॅक्युमने सगळा ओढून घे. कापसाच्या जिनिंगमध्ये रुईला ठिणगी लागली की काय होतं ते आपण लहानपणी पाहिलंय, आणि इथे तर ती हीटरच्या शेजारीच पडलेली असते. भिंतीबाहेर हवा सोडणारी नळीही याच वेळी तपास. चुणीदार पातळ फॉइलची असेल तर बदलून सरळ पत्र्याची लाव, चुण्यांमध्येच रुई साठते. बाहेरची झडप उघडते का तेही बघ. रुई अडवणारी जाळी प्रत्येक वेळी साफ करतोस, हे मी गृहीत धरतो. वहिनी करतात असं म्हणू का?

पट्टा घालताना रेघा आतल्या बाजूला, ड्रमकडे, आणि गुळगुळीत पाठ बाहेर. ड्रमवर जुन्या पट्ट्याचा चकाकता माग दिसतो, नवा त्याच मागावर बसव. ड्रम आधी जागेवर घे, मग खालून हात घालून आयडलर ढकलत पट्टा मोटरच्या पुलीवर चढव. हे काम आंधळ्या हाताने करावं लागतं, बोटांनाच डोळे फुटायला हवेत. मी तर मधे एक चहा घेतला. चढला की सगळं बंद करण्याआधी ड्रम हाताने सावकाश पूर्ण फिरव, पट्टा कुठे पिळलाय का, ड्रमच्या कडेची नमद्याची पट्टी कुठे दुमडलीय का ते बघ. दादा गिरणीचा पट्टा घसरायला लागला की त्यावर राळ टाकायचे, तू तसलं काही, पावडर नाही आणि ग्रीसही नाही, पट्ट्याला लावू नकोस. उष्णतेत ते रुई धरून बसतं.

नंतर थोडा वेळ रिकामंच चालव आणि कान दे. सुरुवातीला नव्या पट्ट्याचा बारीक आवाज येतो, तो जातो. ठक ठक असा तालात आवाज येत राहिला तर ड्रमखालची चाकं बघ. आणि ओली रजई एकटी घालू नकोस. ती एका अंगाला गोळा होते आणि सगळा भार पट्ट्यावर येतो, बरोबर दोन टॉवेल टाक.

आमचं मशीन कानबाईच्या आदल्या संध्याकाळी सुरू झालं. ती रात्र शेजाऱ्यांच्या गोधड्या वाळवण्यात गेली, म्हणजे ज्याने पट्टा तोडला त्याच कामाला पुन्हा जुंपलं. ही म्हणते, आता दर गोधडीमागे पाच रुपये घ्या. मायने तुझी चौकशी केली, तुझा फोटो दाखवला तर ‘वाळी गया’ म्हणाली. हिवाळ्यात ये. भरिताची वांगी मार्गशीर्षात चांगली येतात, शेतात काड्या पेटवून करू.

झाकण उघडलंस की तुटक्या पट्ट्याचा फोटो पाठव, आतल्या रेघांच्या बाजूने आणि पाठीच्या बाजूने असे दोन्ही, उजेडात काढलेले. तो बघितल्याशिवाय नवा मागवू नकोस. त्या कारागिराला भेटीचे पैसे दिले असतील तर ते गेले म्हणून सोडून दे, पण मोटरचे देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बापू