सायरसची कबर दगडादगडाने समजावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वास्तुशास्त्राच्या वर्गाने इराणमधल्या पासारगादच्या, प्राचीन पर्शियन राजा सायरसच्या कबरीची प्रतिकृती करायचं ठरवलं, तेव्हा हाताशी फक्त फोटो होते. दगडी इमारतींच्या दुरुस्तीत तुमची हयात गेली आणि पासारगाद तुम्ही स्वतः पाहून आलात, एवढं ऐकून मी तुम्हाला फोन केला. मोजमापांच्या वह्या पिशवीत घालून तुम्ही आलात आणि काम पुरं होईपर्यंत येत राहिलात. त्यासाठी हे जाहीर आभार.

मुलांनी सगळ्यात आधी विचारलं ते दगडांवरच्या खळग्यांबद्दल. तुम्ही फळ्यावर दोन चिरे काढलेत आणि त्यांच्या सांध्यावर डमरूच्या आकाराची खाच. ही बांधणी कोरडी आहे, मधे चुना नाही. पांढुरके चुनखडीचे अवजड चिरे नुसते घासून एकावर एक बसवलेले, आणि शेजारचे दोन चिरे सरकू नयेत म्हणून त्या खाचेत लोखंड आणि शिसं. पुढच्या शतकांत लोकांनी धातूसाठी ते सांधे उकरून नेले, म्हणून खळगे. सिंधुदुर्गाच्या पायात ओतलेल्या शिशाची आठवण तुम्ही तिथेच काढलीत, आणि मागच्या बाकावरच्या मुलांनीही वह्या उघडल्या.

मग तुम्ही छिन्नीवर आलात. माझ्यासाठी सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा भाग. सायरसने इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्यास लिडिया (आजच्या तुर्कस्तानातलं राज्य) जिंकलं, आणि तिथले आणि शेजारच्या आयोनिया या ग्रीक किनारपट्टीतले पाथरवट पासारगादला आले. घडीव चिऱ्यांची ही सफाई त्यांची. या कबरीच्या दगडावर दातेरी छिन्नीचे व्रण सापडत नाहीत. पासारगादच्या ज्या कामावर ते आहेत, ते पुढचं, नंतरचा पर्शियन राजा दारियस याच्या काळातलं मानतात. म्हणजे इ. स. पू. 530 मध्ये सायरस मरण पावला त्याच्या आसपासची ही कबर आहे, याची साक्ष हत्यारांच्या खुणा देतात. मी वर्षानुवर्षं वास्तुकलेचा इतिहास शिकवते, पण पाथरवटाच्या हातावरून काळ ओळखायला मुलांना तुम्ही शिकवलंत.

प्रतिकृती आम्ही विसावा हिस्सा मापात केली. मुळात जोत्याचा तळ 13.35 बाय 12.30 मीटरचा, त्यावर सहा पायऱ्या. खालच्या तीन उंच, वरच्या तीन त्या मानाने बुटक्या. त्यावर दुपाखी छपराची एकच खोली. सगळं मिळून उंची जेमतेम 11 मीटर. आतली जागा साधारण 3.2 मीटर लांब, 2.1 मीटर रुंद आणि तेवढीच उंच. त्या काळचं सगळ्यात मोठं साम्राज्य उभारणाऱ्या राजाला एवढीशी खोली पुरली! खोलीचं सपाट छत आणि वरचं दुपाखी छप्पर यांच्यामध्ये वजन कमी करायला पोकळी ठेवली आहे. प्रतिकृतीत ती कुणाला दिसणार नव्हती, तरी ती करायचीच असा तुमचा आग्रह होता. मुलांनी ती मन लावून केली.

आणखी एका गोष्टीसाठी मी ऋणी आहे. अलेक्झांडर इथे आला, लुटलेली कबर पाहून त्याने आपल्या सोबतच्या अ‍ॅरिस्टोब्युलसला डागडुजी करायला सांगितलं, आत सोन्याची शवपेटी होती, रखवालदार मगांना (पर्शियन पुरोहितांना) रोज एक मेंढी मिळे, हे सगळं ग्रीक लेखकांकडून आलेलं आहे. कबरीवर होता असं ते सांगतात तो लेखही आज दगडावर कुठेच नाही. माहितीफलकावर ‘दगड काय सांगतो’ आणि ‘लेखक काय सांगतात’ असे दोन रकाने तुम्ही पाडायला लावलेत. सायरस हा तुम्हा पारशी मंडळींच्या जिव्हाळ्याचा राजा. 2013 च्या डिसेंबरात त्याचा लेख कोरलेला मातीचा दंडगोल मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला, तेव्हाची तुमची आठवण ऐकताना मुलांना ते प्रेम दिसलंच. तरी खात्री नाही असं एक वाक्यही तुम्ही त्या फलकावर येऊ दिलं नाहीत.

शतकानुशतकं लोक या जागेला सुलेमानच्या आईची कबर मानत आले. आतल्या भिंतीत मिहराब (नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा) कोरला गेला, जवळच्या राजवाड्यांचे खांब आणून भोवती मशीद उभी राहिली. विसाव्या शतकात ते खांब मूळ जागी परत नेले. तुम्ही हे सांगितलंत तेव्हा ‘आपल्या प्रतिकृतीत मिहराब दाखवायचा का?’ यावर वर्गात जोरदार वाद झाला. शेवटी दाखवला. मला तो निर्णय फार आवडला, कारण त्या खोलीत लोकांनी केलेली प्रार्थनाही तिच्या इतिहासातच येते.

प्रतिकृती आता ग्रंथालयाच्या दाराशी मांडली आहे. पुढच्या तुकडीला नक्श-ए-रुस्तम करायचं आहे, उभ्या कड्यात कोरलेली दारियसची कबर. पायऱ्या, जोतं असं तिथे काहीच नाही, सगळं वरून खाली खोदलेलं की कसं, यावर मुलं आत्ताच भांडताहेत. सुट्टी संपली की तुमच्या वह्या घेऊन या. न्यायला मी स्वतः येईन.

तुमची कृतज्ञ,
वास्तुशास्त्राची एक शिक्षिका