रिपोर्टच्या तळाशी जिची सही असते, त्या डॉक्टरबाईंना

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आम्ही तुमच्या लक्षात असण्याचं काही कारण नाही. गेल्या जुलैत हिंदमाताला गुडघाभर पाणी भरलं होतं, त्या दिवशी तुमच्या लॅबच्या काउंटरवर एक बाई बायोप्सीचे ब्लॉक (मेणात बसवलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड्स तीन पिशव्यांत गुंडाळून घेऊन आली होती. ती मी. बाकावर बसून साडीचा काठ पिळत होती ती माझी आई; गाठ तिच्या स्तनात होती. काल तिचं शेवटचं रेडिएशन झालं. घरी आल्या आल्या म्हणाली, "त्या बायेक कळव गो." म्हणून लिहितेय.

तुमच्याकडे येण्याआधीचे अकरा दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते. उपनगरातलं मोठं हॉस्पिटल, खाली कॉफीचं दुकान, वर एसी इतका की आईने शाल मागितली. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकली, माझ्याकडे बघून "ग्रेड थ्री आहे, वेळ घालवू नका" म्हणाले आणि फोन घेतला. आईकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. डेस्कवरच्या मुलीने एस्टिमेट काढून दिलं, त्यात एका महागड्या इंजेक्शनचे सतरा डोस धरले होते. का, ते कुणी सांगितलं नाही. ग्रेड थ्री म्हणजे तिसरी स्टेज असं मीच ठरवलं, मामाला फोनवर तेच सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत सावंतवाडीपासून डोंबिवलीपर्यंत सगळ्यांना आईची "थर्ड स्टेज" कळली. दोन मावश्या तर भेटून रडून गेल्या. आई त्यांना चहा करून देत होती.

तर त्या दिवशी काउंटरवरचा मुलगा पावती फाडत होता आणि आई मला मालवणीत, जरा मोठ्यानेच म्हणाली, "माका काय झालाहा, ता माकाच कोण सांगणा नाय." तुम्ही आतून कसला तरी कागद घ्यायला बाहेर आला होतात. थांबलात. रिपोर्टची झेरॉक्स उलटी केलीत, आईच्या शेजारी त्या ओल्या बाकावर बसलात आणि चित्र काढायला लागलात. दूध बनवणारे छोटे घोस, त्यांच्यापासून निघणाऱ्या नळ्या. बहुतेक जणींचा कॅन्सर नळीत सुरू होतो, काहींचा घोसात. घोसातला कधी कधी गाठ न करता पसरतो, म्हणून हाताला लागत नाही आणि मॅमोग्राफीलाही चकवतो. आईचा नळीतला, नळीची भिंत फोडून बाहेर आलेला.

मग ग्रेड. "पोर किती दांडगं आहे ते ग्रेड, आणि घरापासून किती लांब गेलंय ते स्टेज," असं म्हणालात. स्टेज तर या बायोप्सीच्या कागदावरून ठरतच नाही, त्याला गाठीचं माप लागतं, काखेतल्या गाठी बघाव्या लागतात, स्कॅन लागतात. मला तिथेच बाकाखाली जावंसं वाटलं. (पुढे स्टेज दुसरी निघाली. मावश्यांना मी अजून नीट तोंड दाखवलेलं नाही.)

आणि मग तुम्ही जे केलंत ते आमच्या घरात अजून बोललं जातं. पेन आईच्या हातात दिलंत. "आजी, पुढचं तुम्ही लिहा, तुमच्या शब्दांत. मी सांगते." आई चौथी शिकलेली. चाळीस वर्षं खानावळ चालवली, पण लिहिणं म्हणजे वाण्याची यादी. तिने चष्मा पुसला आणि ईआरपुढे लिहिलं, 'कुलूप आसा'. पीआरपुढेही तेच. ईआर आणि पीआर ही पेशीतली दोन कुलपं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या बाईच्या हार्मोनांची किल्ली त्यांत बसते आणि पेशी वाढते, असं तुम्ही सांगितलं होतंत. आईने लगेच विचारलं, पाळी जाऊन बारा वर्षं झाली, आता हार्मोन कुठून येणार? तुम्ही हसलात. म्हणालात, चरबीत थोडं थोडं बनतंच राहतं, ते बनणं बंद करणारी गोळी मिळेल, पाच वर्षं तरी घ्यावी लागेल. ती गोळी आता रोज रात्री दुधाबरोबर.

हर-टू, म्हणजे पेशीवरचं तिसरं कुलूप, ते महागडं इंजेक्शन ज्याच्यावर चालतं, ते मात्र टू प्लस होतं. डेस्कवरच्या मुलीने त्यालाच पॉझिटिव्ह धरून ते सतरा डोस लावले होते. झिरो किंवा वन प्लस असेल तर निगेटिव्ह, थ्री प्लस असेल तर पॉझिटिव्ह आणि टू प्लस म्हणजे अधांतरी, त्यासाठी फिश टेस्ट करायची, हर-टूच्या जीनचे चमकणारे ठिपके मोजायचे, असं तुम्ही समजावलंत. आईने पेन थांबवलं. "फिश म्हणजे खयचो मासो? बांगडो की इसवण?" काउंटरवरचा मुलगासुद्धा पावती सोडून हसायला लागला. अकरा दिवसांत आम्ही पहिल्यांदा हसलो, मॅडम.

फिश निगेटिव्ह आली. ते इंजेक्शन आईला लागतच नव्हतं. शेजारच्या काकू विचारतात, आमच्या भावजयीला दिलं, तुम्हाला का नाही? आई ती झेरॉक्स काढून दाखवते, "तिचा कुलूप येगळा." केमोच्या रांगेत एक चौतीस वर्षांची मुलगी भेटायची, ट्रिपल निगेटिव्ह. तिच्या सासूला वाटलं होतं, निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो. कोविडने आपल्या सगळ्यांच्या कानाला तीच सवय लावलीय. ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह म्हणजे यातलं एकही कुलूप नाही, म्हणून ना ही गोळी चालत ना ते इंजेक्शन, मुख्य भर केमोवर. हे त्या सासूबाईंना आईने सांगितलं, हळू आवाजात, त्यांचा हात धरून. तुमच्यासारखंच शेजारी बसून.

पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे गाठीचा तुकडा तपासून आजार ओळखणारे डॉक्टर, कुणाला दिसत नाहीत. आम्हीही तुमचं नाव रिपोर्टच्या तळाशी घरी जाऊन वाचलं. बाहेर येऊन बसणं हे तुमचं काम नव्हतं, त्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि तुमची स्लाइड तोवर आत खोळंबली असणार. ज्यांचं ते काम होतं, त्यांनी फोन घेतला. असो. आज त्यांच्याविषयी लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पुढच्या बुधवारी आम्ही परळला तपासणीला येतोय. आई सकाळी डबा करणार आहे आणि कालपासून तिने चार वेळा विचारलंय, म्हणून विचारते: तुम्ही बांगडा खाता ना?