माणमधल्या आशाताईंना

आशाताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही गावच्या 'आशा' आरोग्यसेविका, म्हणून आशाताई; तुमचं खरं नाव इथे लिहीत नाही. गावात उगाच चर्चा नको, आणि अण्णांच्या घरच्यांनाही ते रुचायचं नाही. माण तालुक्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअर विभागात समाजसेविका आहे. आजार आता बरा होणार नाही अशा पेशंटचं दुखणं, उलट्या, धाप हे डॉक्टर बघतात. बाकीचं सगळं आमच्या टेबलावर येतं: रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का ते बघणं, रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव, आणि "मॅडम, बाबांना काही सांगू नका हं" म्हणत दाराबाहेर घुटमळणारा मुलगा. एवढं आम्ही निभावतो. आमचा हात पोचत नाही तो पेशंट परळच्या स्टँडवर एसटीत बसल्यानंतर. डिस्चार्ज कार्डावर "घरी काळजी घ्यावी" असं लिहिलेलं असतं. ती घ्यायची कुणी, ते लिहिलेलं नसतं. अण्णांची तुम्ही घेतलीत.

अण्णांना गालाचा कॅन्सर. वय 54. गालाला आरपार जखम, नाकात नळी, बोलणं बंद. ते गावी गेले त्याच आठवड्यात तुमचा फोन आला. घरात रेंज नाही म्हणून देवळाच्या कट्ट्यावरून बोलत होतात. "मॅडम, वासानं नातवंडंबी जवळ जाईनात. काय करू सांगा." मी आमच्या सिस्टरना फोन दिला. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची बारीक पूड भुरभुरायची, वर धुतलेलं सुती कापड. तुम्ही सगळं लिहून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी स्वतः करून दाखवायला गेलात. माश्या बसू नयेत म्हणून दिवसाही मच्छरदाणी लावायची, ही युक्ती मात्र तुमची. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. आता आम्ही ती घरी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

मॉर्फिनचं, म्हणजे त्यांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांचं, तर विचारूच नका. भावकीतल्या कुणीतरी "अफूच्या गोळ्या देताय होय?" म्हटलं आणि वहिनींनी, अण्णांच्या बायकोनं, डबा माळ्यावर टाकला. तुम्ही तो खाली काढलात. वहिनींना घड्याळ नीट कळत नाही, हे आम्हाला इथे कळलंच नव्हतं. चार-चार तासांनी एक, असं आम्ही त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं. तुम्ही त्याचा गावचा हिशेब मांडलात: नळाला पाणी आलं की एक, शाळेची घंटा झाली की एक, दुपारची एसटी आली की एक, देवळात दिवा लागला की एक, आणि निजताना दोन. पूड करून, पाण्यात कालवून, नळीवाटे. शिवाय पोट साफ होण्याचं औषध रोज, न चुकता. त्यानंतर अण्णा रात्री झोपायला लागले.

गोळ्या तालुक्याला कुठल्याच मेडिकलमध्ये मिळेनात. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर मॉर्फिन ठेवायचं म्हणजे परवान्यावर परवाने, त्यामुळे भल्याभल्या दवाखान्यांनी तो नाद सोडला. 2014 च्या दुरुस्तीनं वाट बरीच मोकळी केली, पण कागदावर मोकळी झालेली वाट माणपर्यंत पोचायला वेळ लागतो. मग मशीद बंदरला माथाडीत असलेला अण्णांचा पुतण्या आमच्याकडून गोळ्या घ्यायचा आणि गावाकडे निघालेल्या माणसाबरोबर पाठवायचा. गोळ्या संपायच्या आधी आठवडाभर त्याला फोन करायचं कामही तुम्हीच अंगावर घेतलंत.

आणि ती पाटी. घरच्यांनी अण्णांना आजाराचं नाव शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. एक दिवस त्यांनी नातवाच्या पाटीवर लिहून तुम्हालाच विचारलं, "मी किती दिवस?" तुम्ही "काही नाही हो, बरे व्हाल" म्हणाला नाहीत. आकडाही सांगितला नाहीत. "तुमाला काय वाटतंय, अण्णा?" एवढंच विचारलंत आणि बसून राहिलात. पाटी पुसून त्यांनी लिहिलं, "मला सगळं म्हाईत हाय. सोसायटीच्या सचिवाला बोलव." विकास सोसायटीचं किती कर्ज राहिलंय, हे त्यांना बायकोच्या समोर एकदा मोजून घ्यायचं होतं. आम्ही एवढं शिकलेले, पण इथे त्यांच्याशी बोलताना कर्जाचा विषय त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. मुलगा कायम शेजारी असायचा, कदाचित म्हणूनही असेल.

असलं काम सुरू कुणी केलं, असं तुम्ही एकदा विचारलं होतंत. तेव्हा घाईत होते, आता सांगते. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स. आधी नर्स, मग आमच्यासारखी हॉस्पिटलातली समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारं ठिकाण. आपल्याकडे तसंच 1986 मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन झालं. माणसाचं दुखणं नुसतं अंगात नसतं, मनात, घरात, पैशात, देवावरच्या विश्वासातही असतं आणि ते सगळं मिळून एकच दुखणं असतं, हे सॉन्डर्सबाईंचं म्हणणं. आम्ही ते वर्गात बसून शिकलो. तुम्ही सचिवाला बोलावून आणलंत.

अण्णा गेल्यावर लोक पांगतात, तुम्ही पांगला नाहीत. 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद, मग दाखला, मग राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेच्या 20,000 रुपयांसाठी तहसीलला अर्ज. वहिनींचा पहिला अर्ज एका सहीसाठी परत आला, तेव्हा माझ्याआधी तुम्हीच तिथे जाऊन भांडलात म्हणे. बरं केलंत.

या सगळ्याचे तुम्हाला किती मिळाले? "मॅडम, बाळंतपणाचं मिळतंय, लसीचं मिळतंय. ह्याला रकानाच न्हाई," असं हसत म्हणाला होतात. मला काही हसू आलं नाही. ते पैसे मी देऊ शकत नाही, म्हणून निदान चार लोकांत सांगतेय.

पुतण्यानं परत आणून दिलेलं पाकीट मिळालं. आत उरलेल्या गोळ्या आणि वहीच्या कागदावर तुमचं अक्षर: "शिल्लक 23, मोजून." आमच्या फार्मासिस्टनी पुन्हा मोजल्या. 23 च होत्या. तो कागद त्यांनी रजिस्टरला लावून ठेवलाय.

आता एक काम. तुमच्याच तालुक्यातल्या एक आजी पुढच्या आठवड्यात घरी जातायत. गाव तुमच्या उपकेंद्रात येत नाही, मला माहीत आहे. पण तिथल्या आशाताईंना तुम्ही ओळखत असालच. त्यांच्याशी आधी तुम्ही बोलाल का? मॉर्फिनचं तुमच्याकडून ऐकलं तर त्या घाबरणार नाहीत. मी बुधवारी दुपारी फोन करते, कट्ट्यावर या.

तुमची,
मुंबईची मॅडम