पाहुण्या संघांना हुरडा जरूर, पण शेवटच्या सामन्यानंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडीच्या दिवसांत सोलापुरात खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉलच्या स्पर्धांना बाहेरगावचे संघ येतात आणि पनीरची भाजी, पुलाव, गुलाबजाम खाऊन परत जातात. हे ताट त्यांना नाशकातही मिळतं नि नांदेडातही. मग हौस भागवायला पोरं रात्री दहाला पार्क चौपाटी गाठतात आणि सकाळी नऊला सामना असतो. सोलापूरची चव आयोजकांनीच द्यावी, मात्र घड्याळ बघून द्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी शेंगाचटणी. मंद आचेवर भाजून साल काढलेले शेंगदाणे, लसूण, जिरं, मीठ, तिखट हे सगळं उखळात कुटलं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणीचा गोळा होतो. मिक्सरमध्ये नुसताच भुगा होतो. हे सुटलेलं तेलच चटणीची चव आणि तेच खेळाडूची अडचण. दाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं. भाकरी, दही, कांदा समोर असला की पन्नास ग्रॅम चटणी कधी संपते कळत नाही, म्हणजे वीसेक ग्रॅम तेल पोटात गेलं. तेलकट अन्न जठरात रेंगाळतं. दोन तासांनी खो-खोच्या पाटीत वाकून बसायचं, खो मिळाला की सुसाट सुटायचं, त्यात आंबट ढेकर आणि तिखटाची जळजळ. सामन्याच्या आदल्या रात्री चमचाभर चटणी चालते. सकाळी अजिबात नको.

ज्वारीचं वेगळं. मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी आम्हाला रोजची, पण शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास चोथा असतो. भातावर वाढलेल्या कोकणातल्या मुलाने पहिल्याच दिवशी तीन भाकऱ्या चेपल्या तर पोट फुगणारच. पहिल्या दिवशी अर्धी, दुसऱ्या दिवशी एक, असं वाढवत न्यावं. सामन्याच्या दिवशी साधा वरणभात किंवा पोळी-बटाटा, तोही तीन तास आधी. तासभर आधी फार तर एक केळं. नऊच्या सामन्याला सहाला जेवण उतरवणं कोणालाच जमत नाही. तिथे सातला थोडे पोहे द्यावेत, दाणे न घालता, आणि आदल्या रात्रीच्या भातावर भर द्यावा.

हुरड्याचा मोह मोठा. आगटीतून काढलेलं कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम दाणे गुळाबरोबर तोंडात टाकायचे. हे पाहुण्यांनी केलंच पाहिजे. पण कोवळा दाणा गोड लागतो म्हणून हात थांबत नाही आणि वर ढसाढसा पाणी प्यायलं की पोट दगड होतं. शेतावरची जाणती माणसं वर ताक देतात ते उगाच नाही. संघाला शेतावर न्यायचं तर बक्षीस समारंभ झाल्यावरच न्यावं.

राष्ट्रीय स्पर्धेला आलेल्या संघाच्या व्यवस्थापकाने आणखी एक विचारावं : मटणाच्या वाटणात, शेंगापोळीच्या सारणात खसखस आहे का? खसखशीतून मॉर्फिनचा अंश लघवीत उतरू शकतो आणि स्पर्धाकाळात मॉर्फिन बंदीच्या यादीत आहे. दोन दिवस आधीपासून टाळलेलं बरं. स्वयंपाक्याला सांगून खसखशीऐवजी तीळ घातले तर चवीत फारसा फरक पडत नाही.

दाण्याची ॲलर्जी कोणाला आहे हे प्रवेश अर्जातच विचारून घ्यावं. आपल्याकडे भाजीत कूट, पोळीत कूट आणि कढईत घाण्याचं शेंगतेल, त्यामुळे अशा मुलाचं जेवण वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने व्हायला हवं. नुसतं ‘चटणी घेऊ नकोस’ सांगून भागत नाही.

उरली निरोपाची शिदोरी. पंधरा जणांच्या संघाला तीस कडक भाकऱ्या आणि अर्धा किलो चटणी पुरते. भाकरी पातळ थापून, फुगल्यावर मंद तव्यावर फडक्याने दाबत, पाण्याचा अंश जाईपर्यंत भाजलेली असावी. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरली की ती सादळते आणि पुढे बुरशी धरते. चटणी घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून लांब ठेवावी, नाहीतर खवट होते. आणि भाकऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत. संपादकांनी राग मानू नये, शाई उतरते. कोरा कागद किंवा धुतलेलं सुती फडकं घ्यावं.

आपले,
सोलापुरातील काही प्रशिक्षक व संघ व्यवस्थापक